फटक्यापूर्वीची दहा मिनिटे

गोल्फ हा सावकाशीने, चालत खेळावयाचा खेळ अशी सर्वसाधारण समजूत आहे. डॉक्टरांनी चालण्याचा सल्ला दिला की पन्नाशी ओलांडलेले काही गृहस्थ या खेळाकडे वळतात. अठरा खळग्यांचा पूर्ण डाव पायी खेळल्यास आठ-दहा किलोमीटर चाल सहज होते आणि ती प्रकृतीस हितकरच असते. मात्र चाल सौम्य असली, तरी फटका सौम्य नसतो.

उचललेली काठी खाली येऊन चेंडूस भिडेपर्यंत सेकंदाचा जेमतेम चौथा हिस्सा लागतो. तेवढ्या अवधीत हौशी खेळाडूच्या काठीचे टोकही ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटरचा वेग गाठते. हा जोर पायांतून निघतो आणि नितंब, धड व खांदे यांतून मनगटांत उतरतो. कमरेचे मणके वाकण्यासाठी आहेत, पिळण्यासाठी फारसे नाहीत. पीळ घ्यावयाचा तो नितंबांच्या सांध्यांनी आणि पाठीच्या वरच्या भागाने. ते आखडलेले असले की सारा भार कमरेवर येतो. हौशी खेळाडूंत कंबरदुखीची तक्रार वारंवार आढळते, तिचे हे एक मोठे कारण होय.

आखाड्यात उतरणारा पैलवान आधी अंग मोकळे करतो. गोल्फच्या मैदानावर मात्र मोटारीतून उतरावे, काठी हवेत दोनदा फिरवावी आणि पहिलाच फटका सर्व शक्तीनिशी मारावा, हा प्रकार नित्य दिसतो.

प्रथम पाच मिनिटे झपझप चालावे. अंगास किंचित ऊब आली पाहिजे. नंतर काठीचा आधार घेऊन एकेक पाय झोपाळ्याप्रमाणे पुढे-मागे आणि आडवा हलवावा. खांद्यांची वर्तुळे करावीत, मनगटे फिरवावीत. मग काठी खांद्यांवर आडवी धरून धड दोन्ही बाजूंस हळूहळू वळवावे. झटका देऊ नये, आणि वळताना टाच थोडी उचलली गेली तरी हरकत नाही. शेवटी आखूड काठीने अर्धे, मग पाऊण, मग पुरे फटके मारावेत. लांब काठी सर्वांत शेवटी.

एकाच स्थितीत मिनिट-मिनिट ताणून उभे राहण्याची जुनी पद्धत खेळापूर्वी आता तितकीशी मानली जात नाही. असा दीर्घ ताण दिल्यावर स्नायूंचा जोर काही काळ किंचित उणावतो असे दिसून आले आहे. तो ताण डाव संपल्यावर द्यावा. तेव्हा स्नायू उबदार असतात.

स्पेनचा खेळाडू मिगेल आंखेल हिमेनेझ खेळापूर्वी गुडघे आणि कंबर गोल-गोल फिरवीत असे. त्याची ती चित्रफीत पाहून जगभर लोक हसले. परंतु २०१४ साली वयाच्या पन्नाशीत त्याने स्पॅनिश ओपन जिंकली, आणि युरोपियन टूरवरील तोवरचा सर्वांत वयस्क विजेता तो ठरला. विजयाचे श्रेय केवळ त्या हालचालींना देता येणार नाही, हे खरे. त्याच्या तोंडातला चिरूट तर मुळीच अनुकरणीय नव्हे.

दिल्लीच्या वा शिलाँगच्या डिसेंबरातील पहाटे हा वेळ थोडा वाढवावा आणि अंगावरचा स्वेटर ऊब येईपर्यंत काढू नये. हृदयविकार असणाऱ्यांनी किंवा पाठीची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच हे करावे. हालचाल करताना पायात कळ गेली किंवा छातीत दडपण वाटले, तर त्या दिवशी खेळू नये.

आणखी एक पाठ येथे विसरली जाते, ती कॅडीची. चौदा काठ्यांची थैली दहा-बारा किलोची सहज भरते आणि ती एकाच खांद्यावर टांगली जाते. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे अली शेर दिल्लीच्या मैदानावर कॅडी होते. अशा पाठींतून खेळाडूही निघतात. थैलीस दोन पट्टे असावेत, नको त्या काठ्या घरी ठेवाव्यात, आणि मालक अंग मोकळे करीत असताना कॅडीनेही थैली खाली ठेवून दोन-चार वेळा खांदे फिरवून घ्यावेत.