जुनं ते सोनं? डोंबल!

अमेरिकेतल्या कुठल्याही मध्यम गावातल्या बंदुकीच्या दुकानात जा. भिंतीवरच्या नव्या मालाकडे बघू नका, सरळ त्या काचेच्या कपाटापाशी जा जिथे 'कलेक्टिबल' अशी पाटी असते. आत जुनी रिव्हॉल्व्हरं आणि पिस्तुलं ओळीने मांडलेली असतात. प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली एक चिठ्ठी, चिठ्ठीवर एक आकडा. तो वाचून ठेवा आणि सहा महिन्यांनी परत जा. तेच पिस्तूल, तीच चिठ्ठी, तोच आकडा. फार तर पन्नास डॉलरने वाढलेला.

आजचा लेख त्या चिठ्ठीबद्दल आहे. बंदूक असावी की नसावी हा वाद इथे नको, त्याला आयुष्य पुरणार नाही. मला जुन्या यंत्रांचं वेड आहे. आधी घड्याळं, मग कॅमेरे, आणि ग्रीन कार्ड आल्यावर जुनी रिव्हॉल्व्हरं. (एचवनवाल्यांनी नाद करू नये. तात्पुरत्या व्हिसावर कायद्याने सहसा बंदूक घेताच येत नाही.) गेली काही वर्षं शनिवारी अशी कपाटं बघत हिंडतोय, आणि आता डोकं फिरायची वेळ आली आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे: त्या कपाटातल्या बहुतेक किमती या किमतीच नाहीत, त्या दुकानदाराच्या इच्छा आहेत. आणि इच्छेला इतिहासाचा मुलामा देऊन ती नवख्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणं ही फसवणूक नसेल, तर फसवणुकीची सख्खी चुलत बहीण नक्की आहे.

कपाटाचं गणित

"अहो, मार्केट ठरवतं किंमत, आम्ही कोण?" हे दुकानदाराचं ठेवणीतलं वाक्य. ऐकायला बरं वाटतं. पण जरा विचार करा.

दुकानात या महिन्यात दहा जुनी हत्यारं आली. त्यातल्या चारांवर रास्त किंमत लावली होती. ती चार आठवड्याभरात गेली. उरलेल्या सहांवर अवाच्या सवा किंमत, ती बसून राहिली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. वर्षाअखेरीस तुम्ही कपाटासमोर उभे राहिलात तर तुम्हाला काय दिसतं? फक्त न विकलेला माल. म्हणजे ज्या आकड्यांना मार्केटने स्पष्ट 'नाही' म्हटलंय, नेमके तेच आकडे तुमच्यासमोर 'मार्केट रेट' म्हणून मांडलेले असतात. आपल्या भाषेत सांगायचं तर फक्त फेल झालेल्या रिक्वेस्ट्स मोजून सिस्टिमचा सरासरी वेग काढण्यासारखं आहे हे. असा रिपोर्ट ऑफिसात दिला तर मॅनेजर दारातूनच परत पाठवेल.

पुढे आणखी गंमत आहे. या दुकानदाराला नवीन वस्तूची किंमत लावायची असते तेव्हा तो पाहतो पलीकडच्या दुकानातलं कपाट, किंवा गनब्रोकरसारख्या साइटवर कोणी काय मागतंय ते. तिथेही रास्त माल केव्हाच गेलेला आणि हट्टी माल पडून राहिलेला. पलीकडचा दुकानदार पाहतो याच्याकडे. उंदराला मांजर साक्ष! दोघं एकमेकांकडे बघत आकडा वर सरकवत राहतात आणि त्याला 'भाव चढतोय' म्हणतात. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. मिळालेली किंमत त्याच साइटवर, संपलेल्या लिलावांच्या यादीत दिसते. दुकानदाराला हे माहीत नसतं असं नाही. पण ती यादी तो तुमच्यासमोर उघडणार नाही.

दुर्मीळ म्हणजे किती दुर्मीळ?

चिठ्ठीवर आकड्याखालोखाल लाडका शब्द म्हणजे 'रेअर'. हा शब्द इतका स्वस्त झालाय की उदाहरणच द्यायला हवं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला .४५ चं एम १९११ए१ पिस्तूल लाखांनी हवं होतं, म्हणून भलत्याच कंपन्यांनाही कंत्राटं दिली गेली. त्यातली एक सिंगर. हो, तीच, आपल्या आजीच्या शिलाई मशीनची सिंगर! १९४१ साली तिने फक्त ५०० पिस्तुलं केली. आज त्यातलं एखादं अस्सल लिलावात आलं तर संग्राहक तुटून पडतात, आणि त्याला 'रेअर' म्हणायला माझी काही हरकत नाही. दुसरी कंपनी रेमिंग्टन रँड. मूळचा धंदा टाइपरायटरचा. तिने केली साडेआठ लाखांहून जास्त. छान पिस्तूल आहे, इतिहास खरा आहे, जपून ठेवावं असंच आहे. पण साडेआठ लाख नग म्हणजे दुर्मीळ नव्हे हो! तरी चिठ्ठीवर तोच शब्द.

स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १० तर आणखी पुढचं. त्याचा मूळ अवतार १८९९ चा, आणि तेव्हापासून साठ लाखांच्या घरात बनली. कित्येक दशकं अमेरिकन पोलिसांच्या कमरेला हेच असायचं. पोलिसांनी पुढे पिस्तुलं घेतली आणि ही रिव्हॉल्व्हरं पोत्यांनी बाजारात आली. भक्कम, साधं, अचूक यंत्र आहे. माझं आवडतं आहे. पण त्याला 'इन्व्हेस्टमेंट ग्रेड' म्हणणं म्हणजे जुन्या बजाज चेतकला विंटेज फेरारी म्हणण्यासारखं आहे.

आणि कोल्ट पायथन! १९५५ साली आलेली .३५७ मॅग्नम. २००५ मध्ये उत्पादन बंद. २०१० मध्ये 'द वॉकिंग डेड' मालिका सुरू झाली, नायकाच्या कमरेला पायथन, आणि आधीच चढे असलेले भाव गगनाला भिडले. दुकानदार म्हणायचे, "आता बनतच नाही ना." ठीक. मग २०२० मध्ये कोल्टने ती पुन्हा बनवायला घेतली, जाहीर किंमत १,४९९ डॉलर. टंचाईचं कारण संपलं. मग चिठ्ठ्या खाली आल्या? छे! आता कारण बदललं: "जुन्यातली हाताची कारागिरी नव्यात नाही." हे खरंही आहे. पण मग कारागिरी जिच्यात शिल्लक आहे तिचेच पैसे घ्या ना. जी घासून, पुन्हा पॉलिश करून, पुन्हा निळी केली आहे, जिच्यावरची अक्षरं अर्धी पुसली गेली आहेत, तिला डब्यातल्या कोऱ्या पायथनचा भाव कसा? संग्राहकांच्या जगात मूळ रंग घालवला की किंमत धाडकन कोसळते, अनेकदा निम्म्यावर येते. हा नियम दुकानदाराला विकत घेताना बरोबर आठवतो.

आजोबांची गोष्ट

तिसरा प्रकार मला सगळ्यात जास्त खटकतो. जर्मन ल्युगर किंवा वॉल्थर पी ३८ शेजारी हमखास एक गोष्ट बांधलेली असते: "एका सैनिकाने युद्धातून स्वतः आणलेलं." आता १९६८ च्या कायद्यापासून आयातदाराला हत्यारावर आपलं नाव आणि गाव कोरावं लागतं. सैनिकाने १९४५ साली पिशवीत घालून आणलेल्या पिस्तुलावर असं काही असणार नाही. मी नळीच्या खालच्या बाजूला बारीक अक्षरं दाखवली की दुकानदार चष्मा पुसायला लागतो.

त्यातली बरीच पिस्तुलं सोव्हिएत सैन्याने जप्त केलेली होती. युद्धानंतर त्यांच्या कारखान्यात ती सुटी केली, भाग एकमेकांत मिसळले, सरसकट रंगात बुडवून काढली. खूप वर्षांनी ती घाऊक भावात अमेरिकेत आली. हासुद्धा इतिहासच आहे, आणि माझ्या मते जास्त रंजक इतिहास आहे! तो सांगा आणि त्याची किंमत लावा. पण त्यात 'आजोबा' नाहीत ना, आणि भाव तर आजोबांचाच लावायचा असतो.

एकाच तोंडाची दोन बोटं

आता मूळ मुद्दा. आमच्या गल्लीत एक आजी आहेत. नवरा गेला, कपाटात त्याचं पन्नासच्या दशकातलं स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर होतं. मूळ डबा, आतला कागद, सगळं जागच्या जागी. त्यांना ते घरात नको होतं. जवळच्या दुकानात घेऊन गेल्या. दुकानदार म्हणाला, "जुना माल आहे, आजकाल सगळ्यांना प्लास्टिकची पिस्तुलं लागतात. याला मागणी नाही." २५० डॉलर दिले. अकरा दिवसांनी मी ते कपाटात पाहिलं. डबा उघडून शेजारी मांडलेला. चिठ्ठी: 'कलेक्टर ग्रेड, एकहाती, दुर्मीळ, १,१९५ डॉलर'.

नफ्याला माझा विरोध नाही. दुकानाचं भाडं असतं, विमा असतो, सरकारी नोंदवह्या असतात, जुना माल महिनोन्महिने पैसे अडकवून बसतो. अर्ध्या किमतीला घेतलं तर मी समजू शकतो. पण तीच वस्तू घेताना भंगार आणि विकताना वारसा? अकरा दिवसांत तिच्यात बदललं काय? फक्त काउंटरची बाजू. आणि यात मार खातात दोघं: एका बाजूला ज्याला काही माहीत नाही अशी विधवा, दुसऱ्या बाजूला ज्याला काही माहीत नाही असा पहिला पगार खिशात असलेला पोरगा. मधला माणूस दोघांनाही 'मार्केट' शिकवतो.

भारतातही जुनी वेब्ली किंवा वॉल्थर लाखांत विकली जातात, मग अमेरिकेलाच नावं का ठेवता, असं कोणी म्हणेल. भारतातलं कारण सरळ आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यात सामान्य माणसासाठी आयात बंद झाली, त्यामुळे आधी आलेला माल फिरून फिरून तोच. ती टंचाई सरकारने केलेली, पण खरी आहे. अमेरिकेत टंचाई बहुतांशी चिठ्ठीवर पेनाने लिहिलेली आहे.

मग करायचं काय?

१. मागितलेला आकडा वाचूच नका. संपलेल्या लिलावांतले निदान दहा आकडे बघा, मगच तोंड उघडा.

२. आयातदाराचा शिक्का शोधा. सुट्या भागांवरचे नंबर जुळतात का ते पाहा. अक्षरांच्या कडा गोल झाल्या असतील तर पॉलिश झालंय.

३. गोष्ट ऐका, पण पैसे वस्तूचे द्या. गोष्टीला कागद हवा. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसनच्या जुन्या नोंदींवरून, हत्यार कधी आणि कुठे रवाना झालं याचं पत्र मिळू शकतं. पत्र नसेल तर गोष्ट फुकट.

४. मनापासून नाद असेल तर 'क्युरिओ अँड रेलिक'चं संग्राहक लायसन काढा. तीन वर्षांना ३० डॉलर. मूळ रूपातली पन्नास वर्षांहून जुनी हत्यारं परराज्यातूनही थेट घरी मागवता येतात (राज्याचे कायदे आधी वाचा). एरवी परराज्यातली हँडगन स्थानिक दुकानामार्फतच घ्यावी लागते, आणि त्याची फी वेगळी. म्हणजे ज्याच्यापासून पळायचं त्याच्याच दारात.

५. शेजारच्या आजी-आजोबांना सांगा: पहिल्या दिवशी पहिल्या दुकानात विकू नका. कमिशनवर ठेवा, लिलावात द्या, निदान तिघांना विचारा.

यातलं पाचवं सगळ्यात महत्त्वाचं. आपल्यासारख्यांचे चार-पाचशे डॉलर जास्त गेले तर एखादा महिना बाहेरचं जेवण कमी करू. त्या आजींना मिळालेल्या २५० डॉलरमध्ये नवऱ्याने सत्तर वर्षं तेल घालून जपलेली एक वस्तू गेली, आणि वर तिला 'मागणी नाही' असंही ऐकून घ्यावं लागलं. पुढच्या वेळी कपाटासमोर उभे राहाल तेव्हा चिठ्ठीवरचा आकडा कितीला विकणार एवढाच विचार करू नका. कितीला घेतलं होतं, ते मोठ्याने विचारा. उत्तर मिळणार नाही, पण दुकानात उभ्या असलेल्या बाकीच्या गिऱ्हाइकांना प्रश्न ऐकू जाईल.