तरला म्हणून खरे ठरले का?



रबरी कापडाची, हवा भरून फुगवलेली, सुमारे साडेचार मीटर लांबीची एक नाव. तीत एक शीड, मासे पकडण्याचे साहित्य, प्लवक गाळून घेण्यासाठी एक बारीक जाळे आणि एकच माणूस. आलाँ बोंबार हे तरुण फ्रेंच डॉक्टर १९ ऑक्टोबर १९५२ रोजी कॅनरी बेटांवरून अशा नावेतून निघाले आणि ६५ दिवसांनी, २३ डिसेंबरला, अटलांटिकपलीकडील बार्बाडोस बेटाला लागले. वजन २५ किलोंनी घटले होते. पण ते जिवंत होते!

एवढीशी नाव बुडाली कशी नाही, असे तुम्ही विचाराल. हलकी नाव मोठ्या लाटेशी झुंजत नाही, बुचासारखी तिच्यावर चढते आणि उतरते. १९९३ साली ह्यूगो व्हिलेन या अमेरिकन गृहस्थांनी तर अवघ्या पाच फूट चार इंचांच्या नावेतून अटलांटिक ओलांडला. त्यांच्या धाडसाला नमस्कार. पण नाव आणखी चार इंचांनी आखूड करून ज्ञानात फारशी भर पडते, असे मला वाटत नाही.

बोंबार यांचे तसे नव्हते. त्यांना काही सिद्ध करायचे होते. जहाज फुटल्यावर माणसे तहानेने मरतात; त्यांनी पहिल्या दिवसापासून समुद्राचेच पाणी थोडे थोडे प्यावे आणि माशांचे अंग पिळून निघणारा रस घ्यावा, म्हणजे ती तगतील, असे त्यांचे म्हणणे होते. ते स्वतः तगले. मग म्हणणे सिद्ध झाले का?

माझ्या मते नाही. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तितके खारट मूत्र आपली मूत्रपिंडे तयार करू शकत नाहीत. म्हणून ते क्षार बाहेर टाकण्यासाठी प्यायल्यापेक्षा जास्त पाणी खर्चावे लागते. म्हणजे सावकाराचे देणे फेडण्यासाठी चढ्या व्याजाने नवे कर्ज काढण्यातला प्रकार! माशांच्या अंगातला रस मात्र समुद्राच्या पाण्यापेक्षा पुष्कळच कमी खारट असतो. शिवाय बोंबार यांना वाटेत पाऊस मिळाला आणि 'अराकाका' नावाच्या जहाजावर एकदा जेवणही मिळाले. या साऱ्यांतून त्यांना कोणी तारले? खाऱ्या पाण्याने, की खारे पाणी पिऊनही बाकीच्यांनी? शाळेत दोन कुंड्यांचा प्रयोग करताना तुम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलता ना? येथे दुसरी कुंडीच नव्हती.

आणखी एक. बोंबार यांनी परतून पुस्तक लिहिले. पण खारे पाणी पिऊन जे परतलेच नाहीत, त्यांचे पुस्तक कोण लिहिणार?

हान्नेस लिंडेमान या जर्मन डॉक्टरांना ही शंका स्वस्थ बसू देईना. १९५६ साली तेही कॅनरी बेटांवरून एकटेच निघाले. त्यांची नाव घडी घालता येणारी, कापडी, सव्वापाच मीटर लांबीची होती. ती दोनदा उलटली. तरीही ७२ दिवसांनी ते वेस्ट इंडीजमधील सेंट मार्टिन बेटावर उतरले. समुद्राचे पाणी पिणे धोक्याचे आहे, असे त्यांनी ठामपणे सांगितले. त्यांचाही प्रवास एकट्याचाच, तेव्हा तोही एकटा पुरावा म्हणून अपुराच. पण त्यांचे म्हणणे मूत्रपिंडांविषयी जे कळले आहे त्याच्याशी जुळते. खलाशांना आजही 'समुद्राचे पाणी पिऊ नका' असेच शिकवतात.

मग बोंबार यांचे सारेच फुकट गेले का? मुळीच नाही. तहानेइतकीच भीती आणि निराशा माणसाला मारते, हे त्यांचे दुसरे म्हणणे मला पटते. लिंडेमान यांनीही निघण्यापूर्वी कित्येक महिने मनाची तयारी केली होती. आणि फुगवता येणारे तराफे आज जहाजांवर सर्रास असतात. बोंबार २००५ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी वारले. सर्वमान्य मताविरुद्ध जायचे म्हणून त्यांनी आपल्या नावेचे नाव मुद्दाम 'पाखंडी' ठेवले होते.