पाहुण्यांना खुर्सीपार दाखवा

दिवाळीच्या सुटीत माझ्या हाउसमधला एक मित्र आईबाबांसोबत दोन दिवस आमच्या घरी आला होता. शाळेत मी नेहमी 'भिलाईचा' एवढेच सांगतो. खुर्सीपार हे नाव मी टाळत आलो, कारण आमच्याच शहरात ते ऐकले की काही लोक नाक मुरडतात. त्यामुळे पाहुण्यांना काय दाखवायचे याची मला आठवडाभर आधीपासून काळजी लागली होती.

मग सगळे करतात तेच आम्ही केले. पहिल्या दिवशी मैत्रीबाग, तिथले पांढरे वाघ. दुसऱ्या दिवशी देवबलोद्याचे कलचुरी काळातले शिवमंदिर आणि शेजारचे कुंड. मंदिर खरोखर पाहण्यासारखे आहे. वाघांबद्दल मात्र आजी निघतानाच म्हणाली होती, "वाघ तं नागपुरातबी हायेत, त्याच्यासाठी इथवर कायले यायचं?" तेव्हा मला तिचा राग आला. आता वाटते, तिचेच बरोबर होते.

कारण मित्राला सगळ्यात आवडली ती आमची गच्ची. रात्री कारखान्याकडचे आभाळ तांबूस झाले आणि त्याने घाबरून विचारले, "आग लागली का रे?" आजोबा हसले. ते भंडाऱ्याकडून इथे आले आणि निवृत्त होईपर्यंत रेल मिलमध्ये होते. मग तासभर तेच बोलत होते. दल्ली-राजहराच्या खाणीतून लोहखनिज कसे येते, ब्लास्ट फर्नेससमोर उभे राहिले की घाम अंगावरच कसा वाळतो, 1955 च्या करारानंतर आलेले रशियन इंजिनिअर आणि 1959 मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते सुरू झालेली पहिली भट्टी. मैत्रीबागेतली 'मैत्री' ती हीच, पण वाघ पाहून हे कुणाला कळणार?

मित्राला नौदलात जायचे आहे. त्याच्या कपाटाच्या दारावर आतून विक्रांतचे चित्र चिकटवलेले आहे. 2 सप्टेंबर 2022 ला कोचीत नौदलात दाखल झालेल्या त्या विमानवाहू नौकेसाठी सुमारे 30,000 टन खास पोलाद लागले. ते भिलाई, बोकारो आणि राउरकेला इथल्या कारखान्यांतून गेले. हे त्याला माहीत नव्हते. खरे सांगायचे तर मलाही त्याच रात्री आजोबांकडून कळले, आणि मी इथेच जन्मलो आहे!

कुणी म्हणेल, कारखाना म्हणजे काही बाग नाही, वाटेल त्याला आत कसे सोडणार? मान्य. गेटवरचा पहारा का असतो हे कॅडेटला वेगळे सांगावे लागत नाही. पण लोकांना आत नेता येत नसेल तर आतली वस्तू बाहेर आणता येते. माझे म्हणणे असे की खुर्सीपारमध्ये, मोठ्या रस्त्यालगत, भिलाईचा एक 260 मीटरचा रूळ ठेवावा. इथे 130 मीटरचा अखंड रूळ तयार होतो आणि असे दोन जोडून 260 मीटरचा होतो. आकडा ऐकून काही वाटत नाही, म्हणून मी हिशेब केला. मिनिटाला 120 पावले आणि 30 इंचांचे पाऊल धरले तर 'तेज चल'ने या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला जवळजवळ तीन मिनिटे लागतील. लहान मुले तर त्यावरून तोल सांभाळत चालायला रांग लावतील. बाजूला फलक असावा, आणि त्यावर मंत्र्यांच्या नावांऐवजी रूळ कसा बनतो ते लिहावे, हिंदीत आणि छत्तीसगढीत. आमच्या गल्लीसाठी तेलुगू आणि मराठीतही लिहिले तर उत्तम.

आजोबांना फोनवर ही कल्पना सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "झाडं लावा लागतीन बाजूनं. मे महिन्यात रुळाले हात लावून पाह्य कधी."

ते माझ्या लक्षातच आले नव्हते.