तिसरी घंटा शाळेत वाजू दे

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात पॅलेस थिएटर उभारलं, ते १९१५ मध्ये पूर्ण झालं. पाठोपाठ १९१७ मध्ये त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. नाट्यगृह आणि शाळा, दोन्ही एकाच राजाची देणगी. पण आपल्या मुलांच्या आयुष्यात या दोघांची गाठ क्वचितच पडते.

हे पॅलेस थिएटर म्हणजेच आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत जळालं. सगळं कोल्हापूर हळहळलं. इमारत पैसे घालून पुन्हा बांधता येते. खुर्चीत बसणारा रसिक मात्र लहानपणीच घडावा लागतो.

‘आमच्या शाळेत गॅदरिंग होतं की!’ असं कुणी म्हणेल. होतं ना. भाड्याचे ड्रेस, स्पीकरवर सिनेमाचं गाणं, पोरांना मजाही येते. पण जिवंत कला समोर बसून पाहणं वेगळं. शाहीर डफावर थाप मारतो तेव्हा अंगावर काटा येतो. वाक्य विसरलेला नट क्षणात सावरून घेतो. मोबाइलवर चुका कापलेल्या असतात. इथं मुलं न सांगता शिकतात, की चुकलं तरी थांबायचं नसतं.

आणि मैत्रिणींनो, मुलींचा विचार करा. नाटकाचा प्रयोग बहुधा रात्री. तालुक्याच्या गावातून तेवढ्यासाठी मुलीला कोण पाठवतं? आपल्यापैकी कितीजणींनी लग्नाआधी थिएटरात बसून नाटक पाहिलं होतं? तीच कला शाळेच्या वेळेत, शाळेच्या हॉलमध्ये आली, तर मुलीला कुणाची परवानगी मागावी लागणार नाही.

हे अवघड नाही. १९७७ मध्ये सुरू झालेली ‘स्पिक मॅके’ ही संस्था नामवंत गायक-नर्तकांना थेट शाळा-कॉलेजांत नेते. आपल्याकडे तर शाहीर, मर्दानी खेळाचे वस्ताद, सोंगी भजनवाले हाकेच्या अंतरावर आहेत. वर्षाला तीन कार्यक्रम ठेवले तरी पुष्कळ झालं. फक्त ‘मुलांसाठीच आहे’ म्हणून कलाकाराला फुकट राबवू नका, मानधन द्या.

पुढच्या पालकसभेत मार्कांबरोबर हाही विषय काढा. ‘पोर्शन राहील’ असं उत्तर येईल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातच शिकवण्याला कलेची जोड द्यायला सांगितलंय, हे ठामपणे दाखवून द्या. आणि एकटीनं नको, चौघीजणी मिळून बोला. मग ऐकावंच लागतं!