टीबीचा उपचार अर्ध्यावर तुटू देऊ नका

रहिमतपूरकरांनो, टीबी पूर्ण बरा होतो. औषधाला दाद देणाऱ्या टीबीला सहा महिन्यांच्या गोळ्या पुरतात आणि सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. तरीही माणसे हातची जातात. कुणाचे निदान उशिरा होते, कुणाच्या गोळ्या मध्येच सुटतात. हे सहा महिने वाचवण्याचे काम एकट्या रोग्यावर किंवा आशाताईंवर टाकून चालणार नाही.

हा आजार घराण्याचा दोष नाही आणि पापाचे फळही नाही. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये त्याचा जंतू जगापुढे ठेवला. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकला, शिंकला की जंतू हवेत जातात आणि कोंदट खोलीत रेंगाळतात. भांड्यांतून, कपड्यांतून टीबी लागत नाही. म्हणून रोग्याची ताटवाटी वेगळी काढू नका, खोलीच्या खिडक्या उघडा.

जंतू शरीरात गेला तरी शंभरातल्या पाच-दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. अर्धपोटी राहणारा, मधुमेह अंगावर काढणारा, विडी-सिगारेट किंवा दारूच्या आहारी गेलेला, खडी फोडताना दगडाची धूळ छातीत घेणारा, एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खचलेला, यांना धोका जास्त. आपल्या देशात सर्वांत मोठे कारण कुपोषण आहे. झारखंडमध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांना जादा शिधा दिला, तेव्हा त्यांच्यातले टीबीचे नवे रुग्ण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. २०२३ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. डाळ, तेल, शेंगदाणे, अंडी यांनाही औषधाइतकीच किंमत आहे.

एके काळी आपल्या भागातले रोगी मिरजेजवळच्या वानलेसवाडीला किंवा पाचगणीच्या आरोग्यधामात जात. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस अन्न एवढाच तेव्हा उपाय होता. पुढे औषधे आली. घरी राहून औषध घेणारा रोगी आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो, हे मद्रासच्या अभ्यासाने १९५९ साली दाखवून दिले. तेव्हापासून टीबीचा वॉर्ड रोग्याच्या घरातच आहे आणि त्याची राखण शेजाऱ्यापाजाऱ्यांनी करायची आहे.

खरी कसोटी दुसऱ्या महिन्यानंतर लागते. खोकला थांबतो, वजन वाढते, माणूस कामाला लागतो आणि गोळ्या सोडतो. आत उरलेले जंतू मग औषधालाही जुमानत नाहीत, उपचार लांबतो आणि अवघड होतो. आपल्या ऊसपट्ट्यात गळीत हंगामाला टोळ्या येतात, कोप्यांत राहतात आणि हंगाम संपला की निघून जातात. मुंबई-पुण्याला कामासाठी जाणाऱ्या आपल्या पोरांचेही तेच. गाव बदलले तरी उपचार पुढच्या दवाखान्यात चालू ठेवता येतो. निघण्याआधी दवाखान्यात सांगितले पाहिजे, एवढेच.

म्हणून मागणे हे आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारे वजन, बेडक्यात रक्त, यातले काहीही दिसले तर बेडका तपासून घ्या. घरात रुग्ण सापडला तर सगळ्यांची तपासणी करा, डॉक्टरांनी सांगितलेले प्रतिबंधक औषध घ्या. मुकादमांनो, टोळीतल्या रोग्याची गोळी आणि हजेरी दोन्ही सांभाळा. मालकांनो, टीबी झाला म्हणून कुणाला कामावरून काढू नका. मंडळांनो, तालमींनो, बचतगटांनो, निक्षय मित्र म्हणून नाव नोंदवा आणि एका कुटुंबाच्या सहा महिन्यांच्या शिध्याचा भार उचला. रुग्णाला निक्षय पोषण योजनेत दरमहा १,००० रुपये मिळतात, ते त्याच्या खात्यात जमा झाले का, हे विचारा.

आणि सुनेला टीबी झाला म्हणून माहेरी धाडू नका. लपवलेला आजार घरभर पसरतो.

शंका असेल तर १८००-११-६६६६ या मोफत क्रमांकावर विचारा. आपल्या गल्लीतला एकही उपचार अर्ध्यावर तुटणार नाही, एवढी जबाबदारी प्रत्येक गल्लीने आजपासून घ्यावी.