जितके जाळाल, तितके कमवाल

उर्दूच्या तासाला 'इसराफ' हा शब्द आला की मी फळ्यावर त्याच्यासमोर 'उधळपट्टी' लिहितो. मुलांना लगेच लग्नातले वाया गेलेले अन्न आठवते. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी बेताने वापरावे, ही शिकवण त्यांना घरातूनच मिळालेली असते. पण सरकारच इसराफचे पैसे देऊ लागले तर? उत्तर आयर्लंडमध्ये तसे घडले.

थंड देशांत अनेक घरे लाकडी पेलेट जाळून उबदार ठेवतात. लाकूड गिरणीतला भुसा वाळवून मोठ्या दाबाने साच्यातून काढला की साधारण ६ मिलिमीटर जाडीच्या कांड्या तयार होतात. वेगळा डिंक लागत नाही. लाकडातलेच लिग्निन उष्णतेने मऊ होऊन भुसा धरून ठेवते. ओल १० टक्क्यांच्या आत असल्याने धूर कमी आणि एका किलोतून जवळपास ५ युनिट उष्णता मिळते. टाकाऊ भुशाचे असे सोने होत असेल तर चांगलेच आहे.

नोव्हेंबर २०१२ मध्ये तिथल्या सरकारने व्यवसायांसाठी अनुदान सुरू केले. लहान बॉयलरला एका युनिट उष्णतेमागे ५.९ पेन्स मिळत. तेवढ्या उष्णतेच्या पेलेटचा खर्च होता सुमारे ४.४ पेन्स. करारही २० वर्षांचा! ब्रिटनच्या मूळ योजनेत ठरावीक वापरानंतर दर उतरत असे. इथे ती अटच गाळली. म्हणजे जितके जाळाल तितके कमवाल. रिकाम्या शेडही तापवल्या जात असल्याच्या तक्रारी आल्या. एका उद्योजिकेने २०१३ मध्येच धोका कळवला होता, पण तिचे कुणी मनावर घेतले नाही. या 'कॅश फॉर अॅश' प्रकरणावरून जानेवारी २०१७ मध्ये उपप्रथममंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला आणि संयुक्त सरकार कोसळले. ते पुन्हा उभे राहायला तीन वर्षे लागली.

यावरून अनुदानच वाईट, असे म्हणणे मला पटत नाही. मदतीशिवाय बेताच्या कमाईचे कुटुंब महागडा बॉयलर कसा बसवणार? मदत जरूर द्यावी. पण ती बॉयलर बसवायला द्यावी, उष्णता अडवणाऱ्या भिंती-खिडक्यांना द्यावी. किती जाळले, यावर देऊ नये.

हा प्रश्न आता आपल्याही दारात आहे. औष्णिक वीज केंद्रांत कोळशाबरोबर शेतकचऱ्याच्या पेलेट जाळण्याचे सुधारित धोरण केंद्र सरकारने २०२१ मध्ये आणले. पराटी शेतात पेटवून देण्यापेक्षा तिच्या पेलेट होऊन शेतकऱ्याला दोन पैसे मिळाले, तर कुणाला नको आहे? फक्त हिशेब किती पेलेट जाळल्या याचा न ठेवता किती कोळसा वाचला याचा ठेवावा. उत्तर आयर्लंडला हा फरक फार महाग पडला.