किंकाळ्यांच्या आड

रॉन हॉवर्ड यांचा बीटल्सच्या दौऱ्यांवरचा २०१६चा माहितीपट, ‘एट डेज अ वीक’, म्हणजे बराच वेळ पोरींच्या किंकाळ्याच. १९६५ साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ५५ हजारांवर श्रोते जमले. त्या कल्लोळात चौघांना स्वतःचे वाजवणेही धड ऐकू येईना!

पण मन थबकते ते जॅक्सनव्हिलपाशी. सप्टेंबर १९६४. अमेरिकेत वंशभेदाविरुद्धचा कायदा होऊन जेमतेम दोन महिने झालेले. फ्लॉरिडातल्या या शहरात गोऱ्याकाळ्यांना वेगळे बसवणार असाल तर आम्ही गाणार नाही, असे पंचविशीही न गाठलेल्या या पोरांनी बजावले. आयोजक नमले. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या काऊ पॅलेसच्या करारात तशी अटच लिहिली गेली. बँकेत उभी हयात करारनामे वाचण्यात गेली म्हणून असेल, मला त्या कलमाचे अप्रूप गाण्यांहून अधिक. मुलाखतीत उदार बोलायला काय जाते? कलम घातले की बिदागीवर पाणी सोडायची तयारी लागते.

घरातल्या मुलांबरोबर हा माहितीपट जरूर पाहा. किंकाळ्यांना आवाज कमी करा हवा तर. जॅक्सनव्हिल आले की मात्र वाढवा.